उंदराच्या शेपटीवर कुणाचा पाय?

एक म्हातारा खुर्चीत बसलाय. उभट चेहरा, राठ ताठ केस. खुर्ची मोडून चाललीये. मागे कागद भिरभिरताहेत आणि प्रत्येकावर लिहिलंय, 'राजीनामा'. बाजूला एक खांब कलंडतोय, त्यावर शब्द कोरलेत : या सरकारच्या स्थैर्यावरचा जनतेचा विश्वास. आणि म्हाताऱ्याच्या पायाशी चार उंदीर. अंग उंदराचं, तोंडं माणसांची. तीन पळताहेत. चौथ्यालाही पळायचंय, पण म्हाताऱ्याने त्याच्या शेपटीवर पाय देऊन ठेवलाय.

हे चित्र १८३१ सालचं, फिलाडेल्फियाचं. काढणारा एडवर्ड विल्यम्स क्ले, शिक्षणाने वकील. नाव 'पडक्या घरातून पळणारे उंदीर'. आधीचे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी त्या एप्रिलमध्ये डायरीत नोंद केलीये की फिलाडेल्फियात एका दिवसात याच्या २,००० प्रती खपल्या आणि १०,००० छापल्यात. ॲडम्सना ज्याने निवडणुकीत पाडलं तोच हा खुर्चीतला म्हातारा, म्हणजे अँड्र्यू जॅक्सन. तेव्हा ही नोंद करताना ॲडम्सना काही फार दुःख झालं नसणार.

मी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ओ की ठो कळलं नव्हतं. उंदीर कळले, बुडत्या जहाजाची म्हण आपल्याकडेही आहेच. पण लोक रस्त्यात थांबून हसतील असं त्यात काय होतं? शेपटीवरच्या पायाचा अर्थ लागला तेव्हा कुठे चित्र उघडलं. त्या काळची अमेरिकी व्यंगचित्रं अशीच आहेत. कुलपं म्हणा ना. किल्ली चित्रात नसते, त्या आठवड्याच्या गावगप्पांत असते. बघणाऱ्याच्या खिशात ती आधीपासूनच असायची. आपल्याला दोनशे वर्षांनी शोधावी लागते.

तर या उंदरांची किल्ली अशी. जॅक्सनचा युद्धमंत्री जॉन ईटन. त्याने १८२९ च्या पहिल्या दिवशी पेगी नावाच्या विधवेशी लग्न केलं. पेगी वॉशिंग्टनमधल्या एका खानावळवाल्याची मुलगी. पहिला नवरा समुद्रावर असताना वारला आणि वर्षही उलटायच्या आत हे लग्न, त्यामुळे कुजबुज सुरू झाली. उपराष्ट्राध्यक्षांची बायको आणि बाकी मंत्र्यांच्या बायकांनी तिच्याशी येणंजाणंच बंद केलं. जेवणाला बोलवायचं नाही, बोलावलं तर जायचं नाही, समोर आली तर ओळख दाखवायची नाही. जॅक्सन पेगीच्या बाजूने हट्टाला पेटला. दोन वर्षं देशाचं मंत्रिमंडळ या रुसव्याफुगव्यांत अडकलं होतं. शेवटी १८३१ च्या वसंतात ते फुटलं. पोस्टखात्याचा मंत्री तेवढा टिकला, बाकीचे गेले.

शेपटी अडकलेला उंदीर म्हणजे परराष्ट्रमंत्री मार्टिन व्हॅन ब्युरेन. हा बेरकी गडी विधुर होता. घरी रुसायला बायको नाही, त्यामुळे पेगीकडे बिनधास्त जायचा आणि जॅक्सनच्या मनात घर करून बसला होता. आपण आधी राजीनामा द्यावा म्हणजे बाकीच्यांनाही द्यावा लागेल, हा डाव त्याचाच. राजीनामा दिला खरा, पण जॅक्सन त्याला सोडायला तयार नव्हता. चित्रातला पाय तो हा. व्हॅन ब्युरेनच्या मुलाला कुणीतरी विचारलं, वडील न्यूयॉर्कला परत कधी येणार? तो म्हणाला, राष्ट्राध्यक्षांनी पाय उचलला की! हा किस्सा तेव्हापासून सांगितला जातो. पुढे हाच उंदीर उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि १८३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष.

आता जरा यंत्रांकडे वळू. चित्र कशावर काढलं आणि कसं छापलं यावर विनोद किती लवकर पोचणार आणि किती जणांपर्यंत, हे ठरत होतं.

शतकाच्या सुरुवातीला राजकीय व्यंगचित्र म्हणजे बहुतेक वेळा तांब्याच्या पत्र्यावरचं एचिंग. पत्र्यावर मेणासारखा थर चढवायचा, सुईने त्यावर चित्र कोरायचं, मग पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे मेण खरवडलंय तिथे आम्ल तांबं खातं आणि बारीक चर पडतात. चरांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून जड रुळाखालून काढायचा. चित्र उलटं उमटतं, म्हणून पत्र्यावर अक्षरं आरशातल्यासारखी काढावी लागतात. माणसांच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यांत ही मंडळी चार-चार ओळी कोंबत, त्या सगळ्या उलट्या. कधी एखादं अक्षर चुकून सुलट राहिलेलं दिसलं की त्या माणसाची दया येते. रंग हवे असतील तर एकेका प्रतीवर हाताने भरायचे. मऊ तांब्याची रेषा दाबाने झिजत जाते, त्यामुळे प्रतीही बेतानेच निघत. आणि मुख्य अडचण म्हणजे हा पत्रा वर्तमानपत्रात वापरता येत नसे. छापखान्यात काम केलेल्यांच्या लगेच लक्षात येईल : खिळ्यांचं अक्षर वर उठलेलं असतं, एचिंगची रेघ आत खोदलेली. दोन्ही एका फर्म्यात बसत नाहीत.

म्हणून ही चित्रं सुटी विकली जात. पुस्तकांच्या आणि छापील चित्रांच्या दुकानांच्या काचेत लटकत आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो काचेबाहेर उभा राहून बघे. वर्तमानपत्रात चित्र हवंच असेल तर लाकडी ठोकळा. तो खिळ्यांसारखाच उठावाचा, त्यांच्याच शेजारी बसतो. फक्त रेषा जाड येते.

मग आला शिळाछाप. हा शब्द आपल्याकडेही रुळला, कारण एकोणिसाव्या शतकातली कितीतरी मराठी पुस्तकं याच पद्धतीने निघाली. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने काढायचं. तेल आणि पाण्याचं जमत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळा कारभार. आम्लाने चर पाडायची दगदग गेली, चित्रकाराचा हात मोकळा झाला. बोस्टनमध्ये पेंडल्टन बंधूंनी १८२५ मध्ये शिळाछापाचं काम सुरू केलं, न्यूयॉर्कमध्ये अँथनी इम्बर्ट होता. जॅक्सनच्या काळात व्यंगचित्रांचा पूर आला त्यामागे जॅक्सनचा स्वभाव जितका आहे तितकाच हा दगडही.

त्याआधीचा काळ मात्र सावध होता. १७९८ मध्ये राजद्रोहाचा कायदा झाला. सरकारविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक छापलं तर २,००० डॉलरपर्यंत दंड आणि २ वर्षांपर्यंत कैद. १८०१ च्या मार्चमध्ये त्याची मुदत संपली आणि त्याचवेळी थॉमस जेफरसन सत्तेवर आला. कायदा आणणारा फेडरलिस्ट पक्ष आता विरोधात बसला. ज्या मोकळीकीला त्यांनी वेसण घातली होती, तिचा फायदा घ्यायची पाळी त्यांच्यावरच आली. आणि त्यांनी तो मनसोक्त घेतला.

मॅसॅच्युसेट्समधलं न्यूबरीपोर्ट हे बंदराचं गाव. तिथे जेम्स एकिन नावाचा कोरक्या होता. १८०४ च्या सुमारास त्याने जेफरसनला कोंबडा केलं आणि शेजारी कोंबडी दाखवली सॅली हेमिंग्ज. सॅली ही जेफरसनच्या मालकीची गुलाम स्त्री. त्यांच्या संबंधांची बातमी १८०२ मध्ये रिचमंडच्या एका वर्तमानपत्राने फोडली होती. कोंबडा हे क्रांतीनंतरच्या फ्रान्सचंही चिन्ह, आणि जेफरसन फ्रान्सधार्जिणा, असा दुहेरी टोमणा. चित्राचं नाव 'तत्त्वज्ञ कोंबडा', कारण जेफरसन तत्त्वज्ञान परिषदेचा अध्यक्ष होता आणि विरोधकांच्या तोंडी 'तत्त्वज्ञ' ही शिवीच होती. इथे हसू येत नाही. चित्राचा सगळा रोख राष्ट्राध्यक्षाची अब्रू काढण्यावर आहे, आणि जिला काहीच म्हणायची सोय नव्हती त्या बाईला त्यासाठी वापरलंय.

एकिनचंच दुसरं चित्र मला जास्त आवडतं. त्यात जेफरसन एक मरतुकडा कुत्रा आहे. नेपोलियनचं डोकं असलेली गांधीलमाशी त्याला डसतेय आणि कुत्रा सोन्याची नाणी ओकतोय. नाण्यांवर लिहिलंय 'वीस लाख'. समोर एक माणूस फ्लोरिडाचे नकाशे घेऊन नाचतोय, खिशात फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेराँचे हुकूम. किल्ली : पश्चिम फ्लोरिडा स्पेनकडून मिळवण्यासाठी जेफरसनने काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून, गुपचूप २० लाख डॉलर मागून घेतले, आणि सौद्याची दोरी फ्रान्सच्या हातात होती. चित्राच्या नावात 'प्रेअरी डॉग' आहे. लुईस आणि क्लार्क यांनी पश्चिमेच्या मोहिमेवरून १८०५ मध्ये जेफरसनला एक जिवंत प्रेअरी डॉग धाडला होता, त्याची चर्चा ताजी होती. प्रेअरी डॉग खरं तर खारीच्या कुळातला, कुत्र्याशी त्याचं नातं नावापुरतं. एकिनला नावच पुरलं.

जनावरांचा हा सोस पुढेही सुटला नाही. १८०७ च्या अखेरीस जेफरसनने परदेशी व्यापारच बंद केला, त्याला इंग्रजीत एम्बार्गो म्हणतात. बंदरं ओस पडली, चोरटा माल वाढला. अलेक्झांडर अँडरसनच्या चित्रात एक चोरटा व्यापारी पिंप उचलून ब्रिटिश जहाजाकडे निघालाय आणि एका कासवाने त्याची पाठची बाजू कचकन धरलीये. तो कळवळून कासवाला 'ओग्राबमी' म्हणून शिव्या देतो. एम्बार्गोची रोमन अक्षरं उलटीकडून वाचा, हेच नाव मिळतं. आणि तेच फोडून वाचलं तर 'अरे, पकड मला'.

आता या सगळ्यांत ज्याचं आयुष्य सर्वात लांबलं ते चित्र. गंमत म्हणजे ते चित्र म्हणून मुळात फारसं नव्हतंच, तो नकाशा होता.

१८१२, मॅसॅच्युसेट्स. राज्यपाल एल्ब्रिज गेरी, जेफरसनच्या पक्षाचा. विधिमंडळात त्याच्या पक्षाचं बहुमत. त्यांनी राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ नव्याने आखले. आपल्याकडे महापालिकेच्या निवडणुकीआधी प्रभागरचना जाहीर झाली की जी ओरड होते, ती डोळ्यांसमोर आणा. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ तर असा निघाला की किनाऱ्यावरच्या गावांना वेढा घालून तो एखाद्या आकड्यासारखा वळला होता. फेब्रुवारीत गेरीने विधेयकावर सही केली.

२६ मार्चला 'बोस्टन गॅझेट'मध्ये त्या मतदारसंघाचा नकाशा आला. त्याला फक्त पंख, नख्या आणि जबडा जोडला होता. अंगावर खऱ्या गावांची नावं तशीच : हेवरिल, अँडोव्हर, लिन, चेल्सी. खाली मजकूर : गेल्या जानेवारीत एसेक्स दक्षिणेत दिसलेला नव्या जातीचा राक्षस. सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्याचं नाव आणि गेरीचं नाव यांचं कलम करून बारसं झालं, 'गेरीमँडर'. हे काम एल्केना टिस्डेलचं मानलं जातं. हे लाकडी ठोकळ्यावर होतं, म्हणूनच बातमीच्या मजकुरात बसलं आणि म्हणूनच इतर फेडरलिस्ट पत्रांनाही छापता आलं. हाच विनोद तांब्याच्या पत्र्यावर असता तर बोस्टनच्या दोन-चार काचांमागे राहिला असता.

राक्षसाने काम मात्र चोख केलं. त्या वर्षी सिनेटसाठी फेडरलिस्टांना ५१,७६६ मतं मिळाली आणि जागा ११. गेरीच्या पक्षाला ५०,१६४ मतं, जागा २९. खुद्द गेरी राज्यपालपदाची निवडणूक हरला. राज्यपालाच्या निवडणुकीत सगळं राज्य एकच मतदारसंघ, तिथे कात्री चालत नाही. पुढच्या वर्षी तो देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि १८१४ मध्ये पदावर असतानाच वारला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा हा माणूस, पण जगाला आठवतो तो असा. त्यातही नाव धड राहिलं नाही. तो 'ग'चा गेरी, आणि मतदारसंघांच्या अशा सोयीच्या कापाकापीला आज सगळे 'ज'ने जेरीमँडरिंग म्हणतात.

त्याच १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध पेटलं आणि विल्यम चार्ल्सचं नशीब उघडलं. हा मूळचा एडिंबराचा, १८०६ च्या सुमारास अमेरिकेत आलेला. ब्रिटिश व्यंगचित्रांची धाटणी त्याच्या हातात मुरलेली होती आणि तीच त्याने ब्रिटनच्या राजावर फिरवली. ५ सप्टेंबर १८१३ ला अमेरिकेच्या 'एंटरप्राइज' जहाजाने ब्रिटिशांचं 'बॉक्सर' जिंकलं. चार्ल्सने लगेच तिसऱ्या जॉर्जला मुष्टियुद्धात उतरवलं आणि नाकातून रक्ताची धार काढली. बॉक्सर जहाज, म्हणून बॉक्सिंग. पाचच दिवसांनी ईरी सरोवरावर ऑलिव्हर पेरीने ब्रिटिशांचा अख्खा ताफा पकडला. ताफ्यात एक जहाज होतं 'क्वीन शार्लट'. चार्ल्सला आयतं कोलीत मिळालं. इंग्लंडमध्ये नासपतीच्या रसाची आंबवलेली दारू मिळते, तिलाही पेरी म्हणतात. पोटाला झेपली नाही तर धावपळ होते. चित्रात खरी राणी शार्लट बाटली घेऊन उभी आहे. बाटलीतून फेसाबरोबर अमेरिकी जहाजांची नावं फसफसताहेत आणि ती लाडाने विचारतेय, आणखी थोडी पेरी घेणार का? राजा पोट धरून कळवळतोय : मेला तो पेरी, एकामागून एक संकट, त्या बॉक्सिंगमध्ये फुटलेलं नाक अजून बरं झालं नाही!

हे वाक्य वाचून मी खूश झालो. चार्ल्स इथे स्वतःच्या आधीच्या चित्राची जाहिरात करतोय. ते पाहिलं नसेल तर जाऊन घ्या, असं राजाच्याच तोंडून. खरा तिसरा जॉर्ज तेव्हा वेडाच्या भरात महालात बंद होता, १८११ पासून राज्य मुलगा बघत होता. पण चार्ल्सच्या गिऱ्हाइकाला मुलगा नको होता, त्याला बापाचंच नाक फुटलेलं हवं होतं.

१८२८ ची निवडणूक आली तोवर विनोद काळवंडला. फिलाडेल्फियाचा संपादक जॉन बिन्स याने पत्रकं काढली, त्यावर काळ्या शवपेट्यांची रांग. जॅक्सनने १८१५ मध्ये देहदंड दिलेल्या ६ स्थानिक शिपायांच्या या पेट्या. डेव्हिड क्लेपूल जॉन्स्टनने जॅक्सनचं अर्धचित्र काढलं. लांबून ते रीतसर सेनापतीचं, पण जवळ गेलं की चेहऱ्याचे गाल, नाक, कपाळ म्हणजे एकमेकांवर पडलेली प्रेतं दिसतात. खाली शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डचं वाक्य, मी मारलेल्यांचे आत्मे माझ्या तंबूत आले. माझ्या मते त्या काळातलं हे सर्वात धारदार चित्र, कारण त्याला एकही फुगा लागला नाही. निवडणूक मात्र जॅक्सनने सहज जिंकली.

पाच वर्षांनी, १८३३ मध्ये, 'राजा अँड्र्यू पहिला' आलं. चित्रकाराचं नाव नाही. जॅक्सन मुकुट, झगा घालून समोर तोंड करून उभा आहे, अगदी पत्त्यांतल्या राजासारखा. उजव्या हातात राजदंड, डाव्या हातात 'व्हेटो', म्हणजे विधेयक नाकारायचा अधिकार. आधीच्या सहा राष्ट्राध्यक्षांनी मिळून १० वेळा तो वापरला, एकट्या जॅक्सनने १२ वेळा. त्यातला गाजलेला व्हेटो १८३२ चा, ज्याने संयुक्त संस्थानांच्या बँकेची सनद वाढवू दिली नाही. पायाखाली राज्यघटना फाटून पडलीये. तिच्यासोबत पेनसिल्व्हेनियाचं राजचिन्हही, कारण बँकेची कचेरी फिलाडेल्फियात. न्यायव्यवस्थेचं पुस्तक बाजूला लोळतंय. विरोधकांनी या राजाची कल्पना इतकी मनावर घेतली की पुढच्या वर्षी नवा पक्ष बांधताना नाव घेतलं व्हिग, म्हणजे इंग्लंडात राजाच्या मनमानीला विरोध करणाऱ्यांचं.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उंदीर काढणाऱ्या क्लेचं त्या काळी गाजलेलं दुसरं काम म्हणजे फिलाडेल्फियाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांची टवाळी करणारी चित्रमाला. नीटनेटके कपडे घालून फिरणारी माणसं, त्यांची भाषा मुद्दाम वेडीवाकडी करून छापलेली. सत्तेवर बसलेल्याची शेपटी पकडणारा हात आणि हा हात एकच होता, आणि दोन्हींना गिऱ्हाईक होतं.

ज्यांची चेष्टा व्हायची ते काय करत? बहुतेक जण गिळून गप्प बसत. न्यूबरीपोर्टचा पुस्तकविक्रेता आणि प्रकाशक एडमंड ब्लंट मात्र गप्प बसणारा नव्हता. १८०४ मध्ये एकिनशी त्याची बाचाबाची झाली आणि त्याने दुकानातलं लोखंडी तवासदृश भांडं उचलून एकिनवर फेकलं. एकिनने घरी जाऊन, अर्थातच, पत्रा काढला. तोंड वेडंवाकडं, हातात भांडं, असा ब्लंट कोरून त्याने विकायला काढला. तेवढ्यावर भागलं नाही. ते चित्र इंग्लंडला पाठवून तिथून चिनी मातीच्या भांड्यांवर उमटवून आणलं, सुरया, वाडगे आणि रात्री पलंगाखाली ठेवायची भांडीसुद्धा. गावच्या इतिहासात सांगतात की ब्लंटच्या बाजूच्या लोकांनी ती मिळतील तितकी विकत घेतली आणि फोडून टाकली. म्हणजे मालाला उठाव होताच.